निसनीचा हेवा

बास्केटबॉलचा चेंडू कडं आणि फळी यांच्या बेचक्यात अडकला, की आम्ही बांबू शोधायला धावायचो. निसनी धावायचा नाही. जागच्या जागी उडी मारून तो चेंडू काढायचा आणि खाली येताना हसायचा. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. निसनी म्हणजे आमच्याकडे शिडी. हे नाव त्याला खाणीतल्या लोकांनी ठेवलं आणि त्याने ते आनंदाने लावून घेतलं.

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. आमच्या कोळसाखाणीच्या मॅनेजरसाहेबांना बास्केटबॉलचं वेड. त्या वर्षी त्यांनी खेळ बघून दोन नवी पोरं कामावर घेतली. एक मी, चामोर्शीचा, शाळेपासून खेळणारा. दुसरा निसनी, एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातला. लाकडाच्या ट्रकवर हमाल म्हणून आला होता, साहेबांनी त्याची उंची पाहिली आणि ठेवून घेतला. त्याने तोवर हा चेंडू पाहिलाही नव्हता. पावसाळा सरेपर्यंत तो माझ्या बरोबरीला आला आणि दिवाळीपर्यंत पुढे गेला. पुढे गेला, हे आज लिहितो. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर गचांडी धरली असती.

आणि लोक म्हणायचेच. एकाच वर्षी आलेले दोघं, म्हणून आम्हाला शेजारी शेजारी उभं करून तोलणं हा साऱ्या कॉलनीचा उद्योग झाला होता. मैदानाशी चहाचं दुकान मांडणारी सखूबाई तर तोंडावर सांगायची, "तू बी चांगला खेळतं बापू, पन निसनीची गोष्टच अलग हाय." माझा नेम त्याच्यापेक्षा पक्का होता. नियम मला सगळे पाठ होते, त्याला एकही धड येत नव्हता. पण साय त्याच्याच कपात पडायची.

बरं, चिडावं तर तो चिडूही द्यायचा नाही. स्वतः कड्याखाली मोकळा उभा असताना चेंडू माझ्याकडे फेकायचा. "तू टाक गा, तुले आवडते." मी टाकायचो, टोपली व्हायची, टाळ्या पडायच्या आणि मला भीक मिळाल्यासारखं वाटायचं. सामन्याआधी मी येरझाऱ्या घालायचो, तेव्हा हा कडुनिंबाखाली घोरत असायचा. त्या झोपेचासुद्धा मला हेवा वाटायचा.

उन्हाळ्यात आंबे आले. मी त्याच्यासमोर मुद्दाम मीठ लावून कैरी खायचो. तो आवंढा गिळायचा, पण हात लावायचा नाही. त्यांच्या गावी पंडुम झाल्याशिवाय नवं फळ कोणी तोंडाला लावत नसे. आधी देवाला, मग साऱ्या गावाने एकत्र बसून खायचं. दिवस गावचे म्हातारे ठरवणार.

नेमका तो दिवस आमच्या निवडीच्या सामन्यावर आला. नागपूरहून निवड करणारे येणार होते आणि विदर्भाच्या संघात आमच्यातला एकच जण जाणार होता. तो कोण, याबद्दल कॉलनीत कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती, म्हणून तर झोप उडाली होती. निसनी रजा मागायला गेला तेव्हा साहेब कडाडले, "जाएगा तो वापस टीम में मत आना."

"सायेब, मी नाई गेलो त माझी माय बी आंबा खानार नाई," निसनी म्हणाला आणि गेला.

मला आनंद झाला. अगदी उघड उघड झाला. त्या दिवशी मी जन्मात खेळलो नव्हतो असा खेळलो. निवड माझी झाली. सखूबाईने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं बापू. निसनी नव्हता ना आज." तो पेढा मला गिळवेना.

निसनी टोपलीभर आंबे घेऊन परत आला. बातमी कळताच त्याने मला खांद्यावर उचललं आणि मैदानाला फेरी मारली. खाली उतरल्यावर मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. कुठे तरी जळफळाट दिसावा, निदान हिरमोड. काहीच नव्हतं. साहेबांनी शब्द खरा केला, त्याचं संघातलं नाव काढलं. खाणीतलं काम होतं, ते त्याने आपणहून सोडलं. "बॉल नाई त इथी काऊन राहू?"

मी त्याला मोटारस्टँडपर्यंत पोहोचवायला गेलो. राहवेना, म्हणून विचारलं, "माझी निवड झाली त तुले काईच नाई वाटत का रे?"

"वाटते ना," तो म्हणाला. "तिथी तुह्यासंग मी नाई राहीन. तुले पास कोन देईन?"

नागपूरला मी काही वर्षं खेळलो. चांगला खेळलो, असं तिथले लोक म्हणत. निसनीपेक्षा चांगला का, एवढंच मला ऐकायचं होतं, आणि त्याला खेळताना पाहिलेलं तिथे कोणीच नव्हतं.