आणंदमार्गे बुडापेस्ट

व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाणारी, त्या महिन्यातली सगळ्यात स्वस्त दोन रेल्वे तिकिटं मी बडोद्यात, वासणा भागातल्या आमच्या घरी, झोपाळ्यावर बसून मिळवली. याबद्दल अजून कोणीही माझा सत्कार केलेला नाही.

आमची मुलगी मुक्ता नोकरीनिमित्त व्हिएन्नाला असते आणि सुलूचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ बाळू शेजारच्या देशात, बुडापेस्टला. या बहीणभावाची भाऊबीज अकरा वर्षं फोनवर चाललेली! ती फोनसमोर निरांजन ओवाळायची, तो तिकडून मान वाकवायचा आणि नेमका त्याच वेळी त्याचा चेहरा पडद्यावर अडकून बसायचा. यंदा ठरलं. मुक्ताकडे जायचं, तिथून गाडीने सीमा ओलांडून बाळूला प्रत्यक्ष ओवाळायचं. सुलूने धनत्रयोदशीला निघायचं म्हणून बॅगाही काढल्या होत्या.

तिकिटांचं खातं माझ्याकडे आलं. (मी ते ओढून घेतलं असं सुलू म्हणते.) मी रिफायनरीत तीस वर्षं प्रेशर गेज वाचलेला माणूस. गेजचा काटा चढतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. वाफ असते, वायू असतो, कोणीतरी व्हॉल्व्ह उघडा टाकलेला असतो. पण त्या तिकिटांच्या वेबसाइटवरचा काटा मी चष्मा आणायला आत गेलो म्हणून चढला! चष्मा लावून आलो तर भाडं दीडपट. का? कोणी चढवलं? विचारायचं कुणाला? आपल्याकडे निदान तिकीट खिडकीवर भांडायला एक माणूस तरी बसलेला असतो!

"बाबा, जाऊ दे ना," मुक्ता फोनवर म्हणाली. "चार-पाच युरोचा तर फरक आहे."

"प्रश्न युरोचा नाही, तत्त्वाचा आहे!"

हे वाक्य ज्याने ज्याने उच्चारलं त्याला ते महागात पडलेलं आहे, हे मला माहीत असायला हवं होतं.

आठ दिवस मी ठाण मांडून बसलो आणि शेवटी सापडलं. भाऊबीजेच्याच दिवशी, सकाळची गाडी, मातीमोल भाव! अट एकच: तिकीट त्याच गाडीचं. गाडी चुकली की तिकिटाचा कागद. मी लगेच घेऊन टाकलं आणि मग त्या गाडीला जुळेल असं विमानही घेतलं. नाल सापडली म्हणून घोडा घेतात तसंच हे, पण घोडा घेताना ते कुठे लक्षात येतं!

संध्याकाळी सुलूने कालनिर्णय उघडला आणि शांतपणे विचारलं, "अहो, आपण निघायचं कधी?"

"भाऊबीजेच्या दोन दिवस आधी."

"म्हणजे अमावास्येला."

"दिवाळीतली अमावास्या वाईट नसते," मी म्हणालो.

"लक्ष्मीला घरात यायला वाईट नसते! आपल्याला घराबाहेर पडायला असते! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दाराला कुलूप घालून जायचं? एरवी मी काही मानत नाही, पण अकरा वर्षांनी भावाला ओवाळायला निघालेय."

तिकीट बदलता येत नव्हतं. अमावास्या तर त्याहूनही बदलता येत नव्हती. अशा वेळी आपल्या पूर्वजांनी एक तोड काढून ठेवलेली आहे: प्रस्थान. निघण्याचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या चांगल्या दिवशीच घराबाहेर पडलो असं धरतात. ही कल्पना माझीच. सुलू खूश झाली. तिने नारळ आणि सुपारी काढली.

आणि इथे माझी शास्त्रीय बुद्धी आडवी आली! "नारळ काय करायचाय?" मी म्हणालो. "ज्याच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू ठेवली तर त्याला प्रस्थान म्हणायचं!" आणि मी दोघांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि तिकिटं एका कापडी पिशवीत घालून, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनच्या हवाली केली. प्रस्थान म्हणजे काय तेही त्यांना समजावून सांगितलं. वर म्हणालो, "हंसाबेन, या पिशवीला जराही नजरेआड करू नका!"

माणसाने इतकं स्पष्ट बोलू नये.

अमावास्येला सकाळी आठ वाजता मी पिशवी आणायला गेलो. दारात रांगोळी होती, तोरण होतं आणि हे एवढं मोठं कुलूप होतं. मुंबईची गाडी साडेनऊची. मी फोन लावला.

"साल मुबारक, वसंतभाई! एडवान्समां!"

"हंसाबेन, आमची पिशवी?"

"मारी साथे ज छे! जराय चिंता नई करो."

"साथे म्हणजे कुठे?"

"आणंद. भाईने त्यां आवी छुं, दिवाळी करवा. तमे कीधुं ने, नजरेआड नई करवानी! अने वसंतभाई, थेली सामेना ज घरमां पडी रहे तो प्रस्थान शानुं? मने थयुं, मारी साथे थोडी आगळ तो जाय!"

समोरच्याच घरात पडून राहिलं तर ते प्रस्थान कसलं, असा त्यांचा हिशेब! आमचे पासपोर्ट आमच्याआधी प्रवासाला निघून गेले होते!

"अहो पण आम्ही मुंबईला जाणार! आणंद उलट्या बाजूला आहे!"

मग हंसाबेन म्हणाल्या, "पण युरोप तो उत्तरमां ज ने?"

मी फोन ठेवला.

टॅक्सी बोलावली, बॅगा कोंबल्या आणि निघालो आणंदला. तिकडे पोचलो तर आमची पिशवी देवासमोर पाटावर! पिशवीला हार! पासपोर्टांच्या कव्हरांवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक! मी पिशवीकडे झेपावलो तर हंसाबेननी हात आडवा केला. "अमासना दिवसे भूख्या पेटे ना जवाय!" त्यांच्या भावाने सुखडीचं, म्हणजे गुळपापडीचं, ताट आणलं, वहिनींनी चहा टाकला. मी संतापलो होतो आणि सुखडी खात होतो. (चांगली होती. त्याचाही राग आला.)

तोवर मुंबईची गाडी केव्हाच निघून गेली होती. आता त्याच टॅक्सीने थेट मुंबईचा विमानतळ गाठायचा. तासाभरात पुन्हा बडोद्याची पाटी दिसली तेव्हा ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काका, तमारुं वडोदरा पाछुं आव्युं. घेर कंई भूली गया होय तो लई लो!"

मी त्या टॅक्सीत सगळ्यांवर रागावलो. वेबसाइटवर, हंसाबेनवर, पंचांगावर, आणंद शहरावर. भरूच आलं तरी माझं संपलेलं नव्हतं. सुलू मात्र मांडीवर ओवाळायच्या सामानाचा चांदीचा डबा घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, तिकीट दुसरं मिळतं. भाऊबीज दुसरी मिळायला मला अकरा वर्षं लागली."

तिचे डोळे भरले होते. मला माझी भयंकर लाज वाटली. सुरत येईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही, आणि हा आमच्या लग्नातला विक्रम आहे.

विमान मिळालं. विमानतळाच्या दारातून आत पळताना माझी एक चप्पल निघून तिथेच राहिली, पण मिळालं. पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी साथियाला बोट लावलं, बोट लाल झालं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रस्थान," मी म्हणालो. त्यांनी निमूटपणे शिक्का मारला.

मुक्ताकडे पाडवा झाला आणि भाऊबीजेच्या सकाळी व्हिएन्नाहून ती स्वस्त गाडी वेळेवर सुटली. मी पिशवी छातीशी धरून सरहद्दीची वाट बघत बसलो. बंदुकवाले येतील, कुत्रे येतील, पासपोर्ट मागतील. शेतं गेली, पवनचक्क्या गेल्या, आणखी शेतं गेली. फोनवर निरोप आला, नव्या देशात स्वागत आहे! झाली सरहद्द! कोणी काही विचारलंच नाही! ज्या पासपोर्टांसाठी मी आणंदची सुखडी खाल्ली, ते त्या गाडीत कोणी बघायलाही मागितले नाहीत! तिकीट तपासणाऱ्या बाईंनी तिकिटावर यंत्र टेकवलं आणि हसून पुढे गेल्या. मी त्यांना आपण होऊन पासपोर्ट दाखवले. त्यांना साथिया आवडला.

बुडापेस्टला बाळू फलाटावर सदरा घालून, थंडीने काकडत उभा होता. अकरा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण "ताई!" म्हणून हाक मारली ती शाळकरी मुलासारखी. फलाटावर दिवा पेटवता येईना. सुलूने न पेटवलेलं निरांजन तिथेच, बाकड्यापाशी, त्याच्याभोवती तीनदा फिरवलं. या वेळी त्याचा चेहरा अडकला नाही. हलला, वाकडा झाला आणि रडला. मी उगाच बॅगा मोजल्या.

मग डोळे पुसून बाळूने माझ्या पाठीवर थाप मारली. "भाऊजी, ताई सांगत होती, तिकीट अगदी फुकटात पाडलंत म्हणे! केवढ्याला पडलं?"

मी छाती फुगवली. पण माझ्याआधी सुलूच बोलली.

"कसं सांगायचं? आणंद धरून की आणंद सोडून?"

"सोडून," मी घाईघाईने म्हणालो. आणंद सोडलं, मुंबईपर्यंतची टॅक्सी सोडली आणि एक चप्पल सोडली, तर सबंध युरोपात माझ्याइतका स्वस्तात प्रवास केलेला माणूस सापडायचा नाही!