गेरूचा जिना

आधीच सांगून ठेवते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सत्तरचं दशक सरता सरता मी लग्न होऊन सिहोऱ्याला आले, ती मॅट्रिक पास होऊन. विज्ञानात चांगले मार्क होते, आणि हे मी गावातल्या शेळ्यांनाही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. "असं कधी होतच नसतं" हे माझं लाडकं वाक्य. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या डोक्यावर पाण्याची घागर उपडी करेन मी!

नवरा तुमसरला राइस मिलमध्ये नोकरीला. दिवसभर घरात आम्ही तिघंच — मी, सासूबाई आणि सासरे. त्यांना आम्ही आत्याबाई आणि मामाजी म्हणायचो. मामाजी बैलगाडीवरून पडले, कंबर मोडली, तेव्हापासून माडीवर खाटेला खिळलेले. खाली आणतो म्हटलं तर नको. वरच्या खिडकीतून सगळं आंगण दिसतं, कोण काय करतं त्यावर नजर राहते! हाताशी एक काठी. ती फळ्यांवर ठोकली की आत्याबाईंनी वर जायचं. माडीला उभी लाकडी शिडी, आणि आत्याबाईंचे गुडघे सुजून नारळाएवढे झालेले. बिचारी एका पायरीवर एक पाय, मग दुसरा पाय तिथेच, मग श्वास... गुडघ्यात कट्‌ असा आवाज... मग पुढची पायरी.

वर पोचल्या की मामाजी म्हणायचे, "माशी बसली नाकावर. हाकल."

हाकलून खाली आल्या की पुन्हा काठी. "पानी आन."

पाणी नेलं की, "हे कोमट आहे. दुसरं आन. काहून रडून राहिली? पाय तुटले का तुये?"

मी हे बघायची आणि माझं रक्त उकळायचं. बाईचे गुडघे वाचवायचे तर रुंद पायऱ्यांचा सिमेंटचा जिना पाहिजे, असं मी नवऱ्याच्या मागे लागले. उन्हाळ्यात घराची दुरुस्ती काढली होतीच. मामाजी आधी नाही म्हणाले. मग कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं की रुंद जिना झाला तर खुर्चीत बसवून गावभर मिरवता येईल, तेव्हा हो म्हणाले.

मिस्त्रीनं माडीची बाहेरची भिंत फोडून दाराची जागा केली आणि तिला तात्पुरता बांबूचा तट्टा लावला. मग भिंतीवर गेरूनं खालपासून दारापर्यंत एकेक पायरी आखली. आमच्याकडे पायऱ्या मोजायची रीत आहे — इंद्र, यम, राजा, पुन्हा इंद्र, यम, राजा... शेवटची पायरी राजावर आली तर घराला बरकत. यमावर आली तर यम सरळ घरात. मिस्त्रीनं बोट लावत लावत मोजलं, शेवट राजावर आला. आत्याबाईंनी हात जोडले. मी काय केलं असेल? हसले. "यमाला जिना लागतो का आत्याबाई? तो काय रेड्यावरून उतरून पायऱ्या चढणार?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुले नाही समजत बाई. रस्ता सगळ्यालेच लागते."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एका लग्नाला गेला आणि काम थांबलं. भरदुपारी मी आणि आत्याबाई आंगणातल्या मांडवाखाली तांदूळ पाखडत होतो. वर काठी वाजली नाही, पण मामाजी ओरडायला लागले.

"दारात काहून उभी राहिली? ये ना आत!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"आत्याबाई तर इथे आहेत, मामाजी!" मी खालून ओरडले.

 पण रोज दुपारी तेच व्हायला लागलं. कुणीतरी बाहेरून चढत येतं, तट्ट्यापाशी थांबतं, म्हणे. मी लगेच व्याख्यान दिलं — ऊन लागलं की बांबू वाजतात, भिंत तापते, प्रतिध्वनी होतो... प्रतिध्वनी! स्वतःच्या हुशारीनं इतकी फुगले की सिद्ध करायला एका दुपारी मामाजींच्या खाटेशी जाऊन बसले.

आणि ऐकलं.

तट्ट्याच्या पलीकडे, जिथे हवेशिवाय काही नव्हतं, कुणीतरी चढत होतं. एक पाय, मग दुसरा पाय तिथेच. श्वास. गुडघ्यात कट्‌. मी खिडकीतून खाली पाहिलं. आत्याबाई मांडवाखाली सूप हलवत होत्या, निवांत. आवाज तट्ट्याशी येऊन थांबला. धाप ऐकू येत होती, आत्याबाईंचीच, ओळखीची धाप.

विज्ञानाची विद्यार्थिनी शिडीवरून बसूनच खाली आली. लुगडं फाटलं ते वेगळंच.

मामाजींनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, "जिना नाही बांधायचा! पुसा तो भिंतीवरचा! बुढी मरेपर्यंत शिडीच चढन." आणि आत्याबाईंकडे पाहून हसले, "चढशील ना?"

माझी सगळी खटपट पाण्यात. आत्याबाई उठल्या. शेणामातीचा पोतेरा घेतला, आपल्या त्या पायांनी शिडी चढल्या, तट्टा बाजूला सारला, दारातून खाली वाकल्या आणि पुसून उतरल्या.

मी भिंत पाहिली. फक्त सगळ्यात वरची पायरी पुसली होती.

"बाकीच्या पायऱ्या, आत्याबाई?"

"हात तेवढाच पुरला, बाई."

तेव्हाही मला कळलं नाही. मॅट्रिक पास ना! राजा गेला होता. आता दाराला लागून यम होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंशेजारी मांडवाखाली बसल्या बसल्या मला वर तट्टा सरकल्याचा आवाज आला. मामाजी एकदाच म्हणाले, "नको." मग काठी पडली. मी धावत वर गेले तेव्हा तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली, डोळे तेवढे जिवंत. डॉक्टर म्हणाले, लकवा. असेलही.

मेले नाहीत. पुष्कळ वर्षं तसेच पडून होते. काठी उचलायची ताकद राहिली नव्हती, आणि आत्याबाई पुन्हा माडीवर गेल्या नाहीत, एकदाही नाही. शिडी मग मी चढले. मॅट्रिकचे गुडघे तेवढ्याच कामाला आले. जिना काही झाला नाही. गरज कुणाला होती?

फक्त दुपार झाली की मामाजींची नजर तट्ट्याकडे वळायची. मान उशीत रुतवून मागे सरायचा प्रयत्न करायचे, गळ्यातून घरघर यायची. आणि खाली आत्याबाई सूप थांबवून वर कान द्यायच्या, समाधानानं म्हणायच्या, "पोचली." की पुन्हा पाखडायला सुरुवात.

मी एकदाच विचारलं, "कोण पोचली, आत्याबाई?"

त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मले काय मालूम? मी तर इथंच बसली आहो ना, तुयासमोर."

बसल्या होत्या, खरंच. शपथेवर सांगते. मग वर कोण जात होतं? आणि त्या जिवंत होत्या तोवर दुसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.