तेरा बाटल्या आणि बर्फाचा कप्पा

"न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना." जव्हारच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाले. मी म्हटलं, "छे हो, साधा खोकला आहे!" एकतीस वर्षं मोखाडा तालुक्यातल्या शाळांत शिकवलं मी. समोरच्याची चूक काढायची खोड अजून जात नाही.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला जंतूंमुळे सूज येते, आत पाणी आणि पू साठतो, श्वास पुरत नाही. मला आठ दिवस खोकला होता आणि मी आल्याचा काढा पीत बसले होते. आमच्या वृद्धाश्रमाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागून मी मटकन खाली बसले, तेव्हा रामजींनी आरडाओरडा करून जीप बोलावली. रामजी म्हणजे आमच्यातले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जव्हार-नाशिक रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना ओळखीचा.

नऊ दिवस मी दवाखान्यात होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. मी थेंब मोजायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खाटा भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. एका म्हाताऱ्याची खाट दुपारी रिकामी झाली आणि चहाच्या वेळेला तिथं दुसरा म्हातारा आला. डोळे मिटले की मला भीती वाटायची, म्हणून मिटायचीच नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही किती जण राहता तिथं?"

"चौदा."

"चौदा वयस्कर माणसं एका छपराखाली! आणि न्यूमोनियाची लस एकानंही घेतलेली नाही? एकाला झालं की बाकीच्यांनाही धोका असतो, बाई."

लस पोरांची असते, एवढंच मला माहीत होतं. पोलिओच्या रविवारी मीच पोरांच्या बोटांना शाई लावली होती. म्हाताऱ्यांनाही लस असते हे साठी उलटल्यावर कळलं. संताप आला, पण करायचा कोणावर?

आश्रमात परतले ती सगळ्यांना लस द्यायची हेच डोक्यात घेऊन. आश्रम चालवणाऱ्यांनी लगेच होकार दिला. अडलं ते आमच्याच माणसांपाशी. कुणी म्हणे आता वय झालं, कुणी म्हणे सुईनं ताप येतो. माझ्या खोलीतली जानकीबाय तर हटूनच बसली. ती जामसरकडच्या पाड्यावरची. आयुष्यभर नाचणी-भात केलेली बाई. ती सगळ्यांशी अरे-तुरेनंच बोलते, डॉक्टरांशीही.

"सुई पोरांना टोचत्यात. मना नाय पायजे."

"अगं, मी मरता मरता वाचले!"

"वाचलीस ना? मग?"

कप्पाळ माझं! तिचं नाव सोडून तेरा लसी सांगितल्या. रामजींनी मात्र पहिल्याच दिवशी बाही वर केली होती. "मला पहिली. लायनीत ड्रायव्हर पुढं."

लस नाशिकच्या औषधाच्या दुकानातून आणायची होती. ती सगळ्या वाटेत थंड राहायला हवी. याला कोल्ड चेन म्हणतात, म्हणजे कारखान्यापासून दंडापर्यंत थंडाव्याची साखळी. मध्ये एक कडी तुटली की लस वाया. रामजी स्वतः गेले. थंड डबा मांडीवर घेऊन, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून आले. संध्याकाळी डबा माझ्या हातात दिला. "पोटाशी धरून आणलीय बाई. मोखाड्याला चहालासुद्धा उतरलो नाही."

आता यापुढचं नीट वाचा. तुमच्या घरात किंवा आश्रमात असं काही आणणार असाल, तर माझी चूक तुम्ही करू नका.

ती लोडशेडिंगची वर्षं. पहाटेपासून वीज जायची ती कधी यायची त्याचा नेम नाही. आमच्याकडे फ्रिज असलेल्या घरी एक सवय सगळ्यांना होती. वीज जाणार असली की दूध, औषध, जे नासेल ते बर्फाच्या कप्प्यात कोंबायचं. मीही तेच केलं. पंच्यात गुंडाळून तेरा बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

सकाळी कप्पा उघडला तर बाटल्यांत पांढरे खडे. खोक्यावर बारीक इंग्रजीत छापलं होतं: गोठवू नये. सूचना वाचा, सूचना वाचा म्हणून जन्मभर पोरांच्या मागे लागलेली बाई मी, चष्मा लावून एक ओळ वाचली नाही!

डॉक्टर अकराला येणार होते. दहापर्यंत बर्फ विरघळला. बाटल्या पाण्यासारख्या स्वच्छ दिसायला लागल्या. कोणाला काही कळलं नसतं. दोन महिने घसा कोरडा करून मी या माणसांना तयार केलं होतं. आता सांगितलं, तर पुन्हा कोण ऐकणार? मी ओसरीवर फेऱ्या मारत राहिले. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून रामजी बसले होते.

डॉक्टरांनी सुई हातात घेतली तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर.

त्यांनी बाटल्या बाजूला सारल्या. "गोठलेली लस काम करत नाही. सांगितलंत ते बरं केलंत." एवढंच म्हणाले. रामजी खुर्चीवरून उठले. "पोटाशी धरून आणली होती हो बाई," म्हणाले आणि शर्टाची बाही खाली करून बटण लावलं.

त्याच दिवशी पुन्हा तेरा लसी सांगितल्या. दुकानदार म्हणाला, मुंबईहून यायला महिना लागेल. तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. कोणी खोकलं की मी उठून बघायची.

बाविसाव्या दिवशी रामजींना थंडी वाजून ताप आला. या वेळी जीप मी बोलावली. न्यूमोनियाच. जव्हारहून त्यांना नाशिकला नेलं, त्यांच्याच रस्त्यानं. पाचव्या दिवशी ते गेले.

मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, मला खरं सांगा. ते म्हणाले, "लसीनं ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि घेतली तरी प्रत्येक जण वाचतोच असं नाही. सांगता येत नाही, बाई." ते मला दिलासा देत होते की काय, कोण जाणे. बावीस दिवस म्हणजे तीन आठवडे आणि एक दिवस. हा हिशेब मी आजही करते. उत्तर कधी असं येतं, कधी तसं.

दुसऱ्या वेळी लस आणायला मी गेले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. मोखाड्याला उतरले नाही. बाटल्या फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवल्या, भोवती, वीज गेली तर म्हणून, गार पाण्याच्या पिशव्या, आणि शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले.

बारा जणांनी दंड पुढे केले, त्यात मीही होते. एकानंही कुरकुर केली नाही. एक बाटली उरली. डॉक्टर ती डब्यात परत ठेवायला लागले.

"ती रामजीची ना?" दारातून जानकीबाय म्हणाली. ती येऊन पहिल्या खुर्चीवर बसली, लुगड्याचा पदर खांद्यावरून मागे टाकला. "मना टोच. ही बाय, सुई गोठली तवा गोठली बोलली. आज बरी हाय बोलते, तर बरी असल."

सुई टोचताना तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बोटं दुखली. तिनं सोडेपर्यंत मी तो काढला नाही.