अठराशे अठ्ठेचाळीस आणि माझी बायको

मी अंबाजोगाईच्या एका ज्युनियर कॉलेजात एकोणीस वर्षं इतिहास शिकवतोय. अठराशे अठ्ठेचाळीस हे माझं हातखंडा वर्ष. पॅरिसात राजा पळाला, व्हिएन्ना, बर्लिन पेटलं, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, साताऱ्याचे महाराज वारले आणि कंपनीनं राज्य गिळायला घेतलं. फळ्यावर एकाखाली एक लिहायचं, मुलं उतरवून घेतात. माझं शिकवणं चांगलं आहे, असं मला वाटायचं.

बायकोनं बेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बीएला नाव घातलं. बारावीनंतर लग्न, मग मुली; शिकायचं राहून गेलं होतं. विषय इतिहास घेतला, कारण घरात शिकवणारा फुकट होता. रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून ती विचारायची आणि मी सांगायचो. ते दिवस मला आवडायचे.

एकदा तिनं विचारलं, "पॅरिसात राजा पळाला तवा आपल्याकडं काय चाललं होतं?"

"निजामाचं राज्य होतं."

"तसं न्हाई. फेब्रुवारी म्हंजे ज्वारीची काढणी ना? मग त्यांचा राजा पळत होता, तवा इथं बाया ज्वारी काढत असतील. त्यांना कधी कळलं असंल?"

मी म्हणालो, "ह्याला मार्क नाहीत."

पण प्रश्न डोक्यातून जाईना. एकोणीस वर्षांत तो मला का सुचला नव्हता?

विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर तिला एका वर्षावर बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं अठ्ठेचाळीसच निवडलं. जानेवारीत हुरडा आणि कॅलिफोर्नियातलं सोनं, फेब्रुवारीत काढणी आणि पॅरिस, जुलैत खुरपणी आणि अमेरिकेत हक्क मागायला जमलेल्या बाया. त्यातच पुण्यातली मुलींची शाळा. महिना आपला, बातमी जगाची. वही तपासायला तिनं माझ्यापुढं ठेवली आणि चहा गाळायला गेली.

मी वाचत गेलो आणि आतून जळत गेलो. हे सगळं मीच तिला सांगितलं होतं, पण वहीत माझं काहीच उरलं नव्हतं. ऑगस्टच्या पानावर तिनं लिहिलं होतं, चीनचं अफूचं युद्ध संपलं, तह झाला. तो तह बेचाळीस सालचा, सहा वर्षं आधीचा. पेन्सिल त्या ओळीवर टेकवली, थांबलो आणि पान उलटलं.

"कसं झालंय?" चहा देत तिनं विचारलं.

"ठीक आहे."

केंद्रावर मी मागच्या बाकावर बसलो. ती बोलत होती आणि वर्गात कुणी मोबाइल काढत नव्हतं. पाटोद्याकडून आलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती, पुढं काय ते ऐकायला वाकली होती. माझ्या वर्गात असं कुणी वाकल्याचं मला आठवत नाही. ऑगस्ट कधी येतो याची मी वाट बघत होतो. खरंच बघत होतो.

ऑगस्ट आला. पुढच्या रांगेतला एक जण उठला. "काकू, चीनचा तह बेचाळीसला झाला. अठ्ठेचाळीसला न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग तिनं डस्टर घेऊन फळ्यावरची ओळ पुसली.

"चुकलं माझं. बरं झालं सांगितलं. मग ऑगस्ट रिकामा राहिला. कुणाला काही माहीत हाय का?"

चार-पाच हात वर झाले. तिच्या चुकीनंतरही वर्ग तिच्याच बाजूला गेला होता.

परतताना मोटारसायकलवर ती मागं बसली होती. घाटनांदूर रोडच्या वळणावर मी गाडी थांबवली. पाठमोराच राहून म्हणालो, "मला ती चूक दिसली होती."



"त्या ओळीवर तुमची पेन्सिल थांबलेली मी चहा आणताना बघितली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, आवडलं म्हणून थांबलात."

"तुझा राग आला होता."

"कावून?"

"तुला जमलं म्हणून."

"तुमीच तर शिकवलं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त गाडी चालू करायला सांगितलं. घरी येऊन भाकरी केल्या, मुलीला फोन केला, नेहमीसारखं बोलली.

पुढचा निबंध मात्र तिनं मला दाखवला नाही. केंद्रावरच्या एक मॅडम आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वही आता त्यांच्याकडं जाते. परवा ती वही टेबलावर उघडी होती. समासात हिरव्या शाईनं मॅडमनी लिहिलं होतं, 'इथं अजून सांगा ना!' एकोणीस वर्षांत मी कुणाच्या वहीत असं काही लिहिलेलं नाही. मी ते दोनदा वाचलं. बायको आत पीठ मळत होती. मला त्या मॅडमचा फार हेवा वाटला.