साडूंच्या गाडीतली हवा

हवेचा इतका कीस पाडणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघावेत हे माझं भाग्य. साडू फैजपूरचे, पिढीजात केळीवाले. साठी ओलांडली की माणसं गुडघ्याला लावायचं तेल शोधतात. यांनी लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला पोट लावून पळणारी स्पोर्ट्‌स कार जुन्यात घेतली. तेवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! मूळचे टायर किरकोळ दिसतात म्हणून त्यांनी बाहेरचे चांगले रुंद टायर बसवले आणि तिथून त्यांच्या डोक्यात हवा शिरली. "दारावरचं स्टिकर जुन्या टायरांचं, नव्या टायरावरचा आकडा जास्तीत जास्तचा, अन् दुकानदार त्याच्या घाईत. मंग हवेचा खरा आकडा कोनता?" हा प्रश्न त्यांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारला, तेराव्याला विचारला, आणि दात काढून घेतल्यावर तोंडात बोळा असताना खुणेनेही विचारला. खिशात एक वेळ पाकीट नसेल, हवा मोजायचं गेज असतंच. आमच्याकडे धुळ्याला आले की चहा होईपर्यंत गल्लीतल्या सगळ्या गाड्या मोजतात. आमचा दूधवाला हल्ली मोटारसायकल कोपऱ्यावर लावून चालत येतो.

या खटाटोपाच्या मुळाशी अक्का होत्या, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्नानंतर साडूंनी त्यांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून घरी आणलं होतं. आता तरी तिला ऐटीत बहिणीकडे न्यावं, एवढीच या माणसाची हौस. पण अक्कांची कंबर दुखरी. त्यातच साडूंनी कुठेतरी वाचलं की हवा थंड टायरांत मोजावी. आता वैशाखात फैजपूरला थंड काय सापडणार? तिथे पहाटेसुद्धा कोमट असते. साडूंनी गाडी सरळ केळी पिकवायच्या थंड खोलीत घातली, घडांच्या शेजारी गार होऊ दिली आणि माकडटोपी चढवून हवा भरली. तीच गाडी भर दुपारी हायवेवर आली, डांबर तापलेलं, टायर फुगून टणक झाले, आणि खड्डान्‌खड्डा अक्कांच्या कमरेत पोचला. त्या पारोळ्याला उतरल्या आणि एसटीने आमच्याकडे आल्या. "मडगार्ड बरं व्हतं, धरायले तरी व्हतं," त्या म्हणाल्या, "मी काही आता त्या गाडीत बसत नाही." मागून रिकामी सीट घेऊन आलेल्या साडूंचं तोंड बघवत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गल्लीतली एकही गाडी मोजली नाही.

पण हार मानतील तर शप्पथ! घरी जाऊन त्यांनी अंगणातल्या सावलीत, सकाळच्या वेळी हवा मोजायला सुरुवात केली. अक्कांच्या सीटवर पिकलेल्या केळ्यांची फणी ठेवायची, वरणगावपर्यंत जाऊन यायचं आणि साल तपासायची. डाग पडला की हवा थोडी कमी. फार कमी केली की रुंद टायर कडेने झिजतो आणि वळणावर गाडी लोळते, म्हणून पुन्हा थोडी वर. घरात डागाळलेल्या केळ्यांचं शिकरण रोज. शेवटी शिकरणाला कंटाळून अक्काच म्हणाल्या, "चला, बसते एकडाव."

त्या दिवशी आम्ही नवराबायको फाटकात उभे होतो. लाल गाडी गल्लीत शिरली, गतिरोधकावरून हळूच तिरकी उतरली आणि आमच्यासमोरून न थांबता पुढे गेली. मला वाटलं, साडू घर विसरले. थोड्या वेळाने गाडी वळसा घालून परत आली. या खेपेला साडूंनी ओठावर बोट ठेवलं. शेजारच्या सीटवर अक्का गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, पदर मांडीवर घसरलेला. कमरेच्या दुखण्यापायी त्यांना घरच्या गादीवरही धड झोप लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. साडूंचे डोळे भरून आले होते आणि ते उगाच समोर बघत होते. बायकोने हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा हात धरला. त्या क्षणी मला त्या माणसाचा हेवा वाटला. साडूंनी मान हलवली आणि गाडी पुन्हा सावकाश कोपऱ्याकडे वळवली.