आवतण घेतलेली गाडी

इथे या ग्रुपवर जो तो आधी लिहितो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मीही तेच लिहिणार, पण कारणासकट. शाळा सातवीत सुटली आणि मी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. घाटात झोपलोय, स्मशानाच्या भिंतीला लागून झोपलोय, ज्या वडाखाली थांबू नका म्हणून हॉटेलवाले बजावतात त्याच वडाखाली ताडपत्री टाकून झोपलोय. डास सोडले तर मला कोणी त्रास दिला नाही. तेव्हा खाली लिहिलेलं ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. लिहिण्यात चुका असतील त्या मात्र सांभाळून घ्या.

मी मूळचा कोकणातला, गुहागरकडचा. आता यवतमाळ जिल्ह्यात राहतो, पांढरकवड्याजवळ. केळापूरच्या जगदंबेच्या देवळापासून थोडं आत गेलं की आमचं गाव. "आमचं" म्हणायची सवय होऊन गेलीय. आलो कसा, तर हैदराबादच्या ट्रिपला मला कावीळ झाली आणि ड्रायव्हरने पांढरकवड्याला एका चहाच्या टपरीवर उतरवलं. परतताना घेतो म्हणाला. अजून परततोय...

त्या टपरीवर नानाजी चहा प्यायला थांबले होते. आमच्या गावचे शेतकरी, कापूस-तुरीची शेती. त्यांनी माझे डोळे बघितले आणि म्हणाले, "कोणाचा बे तू? जाऊ दे, मंग सांग. बस गाडीत."

ती गाडी म्हणजे हीच. पांढरी अँबेसेडर, डिझेलवर चालणारी. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी मागच्या सीटवर आडवा होतो आणि ती सीट मी खराब केली. मी रडायला लागलो तर नानाजी आरशातून म्हणाले, "सीट धुता येते लेका. तू पडून राह्य."

बरा झाल्यावर मी त्यांच्याकडेच राहिलो. गाडी चालवायची, धुवायची, वेळ पडली तर शेतात जायचं. घरून "ये" असं बोलावणं आलं नाही आणि मीही गेलो नाही. इथल्या पोरांनी मला कोकण्या म्हणायचं ते म्हटलंच, पण जेवायच्या वेळी माझं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जायचं. हे मी विसरणार नाही.

आता पोळ्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. जू वर्षभर तिथेच बसलेलं असतं ना, म्हणून लोणी आणि हळद पळसाच्या पानाने खांद्याला चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतण म्हणजे जेवायचं बोलावणं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी.

नानाजींकडे ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. त्यांच्या गोठ्यात, म्हणजे इकडच्या भाषेत कोठ्यात, गाडी उभी राहायला लागली. आणि नानाजी गाडीला आवतण द्यायला लागले. पुढच्या दोन्ही मडगार्डना लोणी-हळद, बोनटजवळ वाकून तेच शब्द. शेजारचे एक जण दरवर्षी विचारायचे, "नानाजी, गाडी पोळी खाते काय?" नानाजी मान वर न करता म्हणायचे, "तू वर्षभर कोणतं काम करतो? तरी जेवतोच ना."

माझा पहिला पोळा होता तेव्हा त्यांनी हाताला उरलेलं लोणी माझ्या खांद्याला पुसलं. "खांद्यावर पोतडे उचलले ना तू बी. घे आवतन."

नानाजी गेले त्या वर्षीची ही गोष्ट.

त्यांचा मुलगा प्रशांतभाऊ हैदराबादला कंपनीत असतो. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणारे लगेच त्याला खलनायक करतील. तो सुट्टीवर आला आणि ओसरीवर विषय निघाला, गाडीचं पुढे काय करायचं. काकू, म्हणजे त्याची आई, तांदूळ निवडत होत्या. पांढरकवड्याहून इस्माईलचाचा आले होते, या गाडीचं इंजिन आजवर त्यांच्याशिवाय कोणी उघडलेलं नाही. आणि मी खांबाला टेकून उभा.

"भंगारात देनार नाही," प्रशांतभाऊ म्हणाला. "हैदराबादले ठेवाले जागा नाही. लग्नाच्या भाड्यानं देली तं पोट्टे वाट लावतीन. आन इथंच ठेवली तं? दरवेळी आरटीओचं फिटनेस, यवतमाळच्या चकरा, पार्ट भेटत नाही. आई, उद्या तू थकशीन, हाही कधी गावाकडं निघून जाईन. मंग गाडी कोठ्यात सडन."

त्याने एक मार्ग काढला होता. तेलंगणाच्या बाजूला हायवेवर त्याच्या ओळखीच्यांचं हॉटेल आहे. ते गाडीला नवा रंग देणार, दारात सिमेंटच्या ओट्यावर चढवून ठेवणार, वर लाइटच्या माळा. येणारे-जाणारे फोटो काढतील. फक्त इंजिन काढून टाकणार, कारण वजन होतं आणि ऑइल गळतं.

"इंजिन काढलं तरी दिसन तशीच," तो म्हणाला.

इस्माईलचाचांनी पान तोंडात फिरवलं. "भाऊ, जिंदा आदमी का फोटो बनाके उसपे हार डालते क्या?"

"चाचा, मंग पार्ट तुमी देनार काय जन्मभर?"

चाचा पान थुंकायला अंगणात गेले. काकूंनी सुपातून नजर न काढता "तुले समजते तसं कर" एवढंच म्हटलं. नानाजी गेल्यापासून त्या तेवढंच बोलायच्या.

माझ्या डोक्यात दोन विचार आले. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला, हा एक. ते मी बोललो नाही. दुसरं बोललो. "भाऊ, मी चालवत नेणार नाही."

या घरात मी पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हणत होतो.

"काहून?"

"माझ्याच्याने होणार नाही."

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही, एवढं खरं.

मग हॉटेलवाल्याचा पिकअप आला आणि दोर लावून गाडी ओढत नेली. त्याआधी भाऊ म्हणाला, बॅटरी नवी हाये, ट्रॅक्टरले कामी येते. ती मी माझ्या हाताने काढली, ट्रॅक्टरला बसवली आणि गाडीतल्या मोकळ्या वायरींना फडकं गुंडाळलं. चावी काकूंच्या जुडग्यात राहिली. हे लक्षात ठेवा. चाचांनी इंजिन उतरवायला साफ नकार दिला, म्हणून आदिलाबादचा मेकॅनिक ठरला. तो म्हणाला, पोळा झाला की येतो.

खांदमळणीच्या संध्याकाळी काकूंनी माझ्या हातात लोणी-हळदीची वाटी दिली. "जा, खांद मळून ये."

"काकू, कोठा रिकामा आहे."

"माहे डोये नाही फुटले. जा."

पोळ्यासाठी आलेला प्रशांतभाऊ ओसरीवरून म्हणाला, "आई, आता कोणाले देतं आवतन?"

"तुह्या बापाच्या गाडीच्या जागेले," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

कोठ्यात फक्त ऑइलचा काळा डाग होता. मला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. कोणी बघत नाही ना ते पाहिलं. मग जिथे गाडीचे पुढचे खांदे येतात अशा दोन ठिकाणी जमिनीवरच पळसाच्या पानाने लोणी-हळद फासली. पान तिथेच ठेवलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि अचानक राग आला, कोणाचा ते माहीत नाही. नानाजी कधी म्हणत नसत असं मी पुढे जोडलं, "आणि या म्हणजे याच."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा गाव मैदानात. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या रांगेत, डफडं वाजत होतं. आमच्या घराकडे जाणारा रस्ता एकच आणि तो या मैदानातूनच जातो. मी आणि प्रशांतभाऊ सुरुवातीपासून एकमेकांच्या बाजूला उभे होतो. मध्ये एकदा अशी गंमत झाली की सगळ्या जोड्या आपोआप दोन्ही बाजूंना सरकल्या. कोणी हाकललं नाही, कासरा ओढला नाही. मधोमध मोकळी वाट झाली, थोडा वेळ तशीच राहिली आणि मग बैल पुन्हा जवळ आले. डफडं कानात वाजलं असेल म्हणून लोक हसले. मीही हसलो.

पोळा फुटल्यावर, म्हणजे जोड्या आपापल्या घरी निघाल्यावर, आम्ही घरी आलो. काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या.

"पाय धुवा. ते आली."

"कोण?" भाऊने विचारलं.

"जिले बोलावलं ते."

गाडी कोठ्यात उभी होती. तोंड दाराकडे, नानाजी लावायचे तशी.

प्रशांतभाऊने बोनटवर हात ठेवला आणि पटकन काढला. गरम होतं. मी बोनट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. वायरींना मी गुंडाळलेलं फडकं तसंच. ट्रॅक्टर अंगणात होता आणि बॅटरी ट्रॅक्टरातच होती, चावी काकूंच्या कमरेच्या जुडग्यात. मी बोनट लावताना भाऊने माझा दंड धरला. त्याने बोट दाखवलं. दोन्ही मडगार्डवर हळद. लोणी उन्हाने वितळून खाली ओघळलेलं. उजव्या मडगार्डला पळसाचं पान चिकटलेलं. खाली जमिनीवर मी फासलं होतं तिथे काहीच नव्हतं, फक्त ऑइलचा डाग.

"तू आनली?" भाऊने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "तू तं माह्या बाजूनंच होता..." काकूंकडे वळला. "आई, आवाज आला काय?"

"आला ना. नेहमीचाच."

"मंग पाह्यलं काहून नाही?"

"पोळ्या जळल्या असत्या."

तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. "भाऊ, देली तं देली, मंग चोरून कायले नेली?" तिकडेही कोणी पाहिलं नव्हतं. दुपारच्या गर्दीत बघतात तर ओट्याजवळची जागा रिकामी.

दिवस मावळायच्या आत तो पिकअप घेऊन आला. रागात होता आणि त्याचं चुकत नव्हतं. त्याने दोर काढला आणि बंपरखाली वाकला. मी जाऊन त्याच्या हातातून दोर घेतला. का घेतला, विचार करून घेतला का... काही सांगता येत नाही. मी फक्त दोराची नीट वेटोळी केली आणि ती नेऊन त्याच्या पिकअपमध्ये ठेवली. मनात एकच होतं, उद्या या घरातून मला काढलं तरी चालेल, आज दोर लागणार नाही.

"हा कोण सांगनार बे?" हॉटेलवाला भाऊला म्हणाला. "बाहेरचा मानूस."

"बाहेरचा नाही तो," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून ताट होतं. "आन जेवाले बोलावलेल्याले दोर नाही लावत कोणी. तुमी बी बसा. पुरन हाये."

हॉटेलवाल्याने मडगार्डकडे पाहिलं. हळदीवर बोट फिरवलं, वास घेतला. मग चपला काढून ओसरीवर बसला आणि जेवला. हात धुताना प्रशांतभाऊ त्याला म्हणाला, "काका, राहू द्या. गाडी नाही देत."

ओसरीवर ठरलं होतं ते कोठ्यात फिरलं. गाडी काकूंच्या नावावर झाली. फिटनेससाठी यवतमाळला मी नेतो, आरटीओतले लोक आता गाडीला ओळखतात. मिळत नाहीत ते पार्ट चाचा लेथवर घासून करतात आणि मला शिव्या देत बसवतात. भाऊने एकदा विचारलं, "उद्या आई नाही, तू नाही, मंग कोनाची?" मी म्हटलं, ज्याला आवतण द्यायचं सुचेल त्याची. त्याने मान डोलावली. कागदावर नाही, पण ठरलं ते हेच.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. डिझेल गाडी धक्क्यावर चालू होते, बॅटरी लागत नाही. हो. हे मला चाचांनी तुमच्याआधी सांगितलंय, आणि वर हेही, "पर धक्का किसने मारा, ये मेरेकू मत पूछ." काकूंनी कोणाकडून तरी आणवली म्हणाल. मग आणणाऱ्याने भरल्या मैदानातून, सगळ्या गावासमोरून ती न दिसता कशी आणली तेही लिहा. बैल बाजूला सरकले ते कशाला, तेही. हळद जमिनीवरून मडगार्डवर कशी गेली, तेही. मी एवढी वर्षं गाड्यांत घालवली, मला यातलं काही जुळवता आलेलं नाही. आणि आता जुळवायचंही नाही. गाडी आहे, चालते, तिच्या इंजिनासकट आहे.

यंदा प्रशांतभाऊला पोळ्याला सुट्टी मिळाली नाही. खांदमळणीच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक, ऑफिसातच असणार. म्हणाला, "फोन बोनटजवळ धर." मी धरला. हाताला हळद होती, स्क्रीन पिवळी झाली. पलीकडून तो हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी फोन कानाला लावला.

"ऐकू गेलं काय तिले?" त्याने विचारलं.

"तिचं माहीत नाही भाऊ," मी म्हटलं. "मला गेलं."