कंपनीचा माड

घराचा विमा उतरवलेली आमच्या आचऱ्याच्या वाडीत आम्हीच पहिली. नवरा मुंबईत नोकरीला. तिथे कुणीतरी डोक्यात भरवलं आणि सुट्टीत आला तेव्हा मालवणच्या एका एजंटाकडून आगीचा विमा, वर वादळाची जोड, असं करून गेला. सासूबाई म्हणाल्या, "माणसाचो विमो आयकललो. घराक काय मराण इला?" मला मात्र भारी वाटलं. मी सातवी पास, म्हणजे माझ्या मते जवळजवळ वकीलच.

पुढच्याच वैशाखात वादळ झालं आणि परसातला माड स्वयंपाकघरावर पडला. चुलीपाशी बसून आभाळ दिसायला लागलं. नवऱ्याची मनीऑर्डर पोटापुरती. कौलं यायची तर विम्यातूनच, नाहीतर अख्खा पावसाळा विणलेल्या झावळ्यांच्या झापांखाली ओली लाकडं फुंकत काढायचा.

मी तडक मालवणला जाऊन एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "वयनी, एवढ्याशासाठी मागणी केलात तर कंपनी फुडच्या वर्षी तुमचो विमो घेवची नाय. मोठा नुकसान झाला की बघू." मी मान डोलावली आणि परत आले. वकिली एसटीतच उतरली.

सासूबाई कडाडल्या, "मोठा म्हणजे? मी माडाखाली चिरडलंय काय मगे मोठा?" त्यांनी मला तिथल्या तिथे बसवून थेट कंपनीला, आणि नवऱ्यालाही, कळवायला लावलं. कंपनीचं उत्तर आलं, आमचा सर्व्हेअर पाहणीला येत आहे.

इथे माझी हुशारी जागी झाली. मुंबईचा साहेब घरी येणार आणि दारापुढच्या खळ्यात हा पसारा? फुटकी कौलं टोपल्यांनी नेऊन घराकडे येणाऱ्या पाणंदीतल्या खड्ड्यांत भरली. माडाचा सोट वाडीतल्या माणसांनी वाटेतल्या वहाळावर ये-जा करायला साकव म्हणून टाकला. छपरावर झापं बांधून घेतली, खळं सारवलं, रांगोळी घातली. नुकसान शोधूनही सापडेना, इतकं छान केलं. 'साहेब बघेपर्यंत काडीसुद्धा हलवू नका' हे नवऱ्याचं पत्र आलं तेव्हा मी रांगोळीत हळदकुंकू भरत होते.

साहेब आला. चहा प्यायला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "घर सुरेख ठेवलंय. माड कुठे पडला?"

दारामागून सासूबाई म्हणाल्या, "साहेबानू, तुमी माडावरसूनच चलत इलात. कौलां पाणंदीत तुमच्या पायाखाली होती."

साहेब हसला नाही. उठला, साकवाशी उकिडवा बसून ताजा घाव बघितला, काठीने कौलं उकरली, शिडी लावून झापाखालचे मोडके वासे तपासले, शेजाऱ्यांना विचारलं. मग मला म्हणाला, "छप्पर झाकलंत ते योग्यच. नुकसान वाढू द्यायचं नसतं. पण मोडतोड टाकून द्यायची नाही, ती दाखवायची असते."

मी हळूच एजंटाचं बोलणं सांगितलं.

"लहान असो, मोठी असो, मागणी करणं तुमचा हक्क. मी बघणार, कंपनी ठरवणार. एजंटाने नाही म्हणून चालत नाही. आणि कंपनीनेच नाकारलं, तर कारण लेखी मागा."

"आणि पुढच्या वर्षी?"

"ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे मला आवडलं.

मृगाचा पाऊस थोडा चुलीत गळला, पण आषाढाच्या आत कौलं चढली. मागितले त्याहून पैसे कमीच आले. जुन्या कौलांना नव्याचा भाव मिळत नाही, असं लेखी कारण होतं. सासूबाईंना ते पटलं नाही, मला पटलं.

वर्ष सरलं. हप्ता मागायला एजंट स्वतःच आला, त्याच साकवावरून. सासूबाई खळ्यातून ओरडल्या, "संभाळून रे झिला! कंपनीचो माड आसा तो."